सगळं सारखं करणारे सर

पहिल्या दिवशी काम दाखवायच्या आधी सरांनी मला चपला काढायला लावल्या आणि भिंतीवरच्या एका छोट्या पेटीला नमस्कार करायला सांगितला. पेटी म्हणजे हब. ऑफिसातल्या चारही कॉम्प्युटरच्या वायरी तिच्यात येऊन मिळायच्या. तिला हळदकुंकू लावलेलं होतं, आणि दसऱ्याचं वाळलेलं आपट्याचं पान चिकटपट्टीने वर डकवलेलं होतं.

"हे आपलं घर," सर म्हणाले. "आणि घरातल्या घरात दारांना कड्या नसतात. एवढं कळलं की नेटवर्क कळलं."

त्यांना नेटवर्क कळत नाही, हे मला कळायला तीन आठवडे लागले. त्यांना ते शेवटपर्यंत कळलं नाही.

ठाण्याला नौपाड्यात, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यांचं मराठी टायपिंगचं आणि छापण्याआधी पुस्तकांची पानं जुळवायचं ऑफिस होतं. मी डोंबिवलीहून यायचे. सरही मूळचे डोंबिवलीचेच. एके काळी तिथे त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता, म्हणून ते 'सर'. क्लास बंद पडून जमाना झाला होता, पण शिकवायची खोड गेली नव्हती. कुरिअरवाला सही घ्यायला आला तरी त्याला दोन मिनिटं उभं करून बिट आणि बाइट यातला फरक सांगायचे. तो बिचारा हेल्मेट काखेत धरून मान हलवायचा.

चार कॉम्प्युटर, चार वेगवेगळ्या वयांचे, आणि चौघांवर चार वेगवेगळ्या काळातल्या विंडोज. सरांनी त्यांना नावं दिली होती. विंडोज अठ्ठ्याण्णव चालायची तो थोरला. एक्सपीवाला मधला. सेव्हनवाला धाकटा. आणि छापखान्याने जुन्या फाइली घ्यायच्या बंद केल्या तेव्हा नाइलाजाने घेतलेला विंडोज टेनवाला म्हणजे पाहुणी. पाहुणीवर मी बसायचे, त्यामुळे कधीकधी 'पाहुणी आज उशिरा आली' हे वाक्य नक्की कोणाबद्दल आहे ते कळायचं नाही.

थोरला ठेवण्यामागे एक कारण होतं, आणि ते खरं होतं. सरांचं जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर त्याच्यावर आणि मधल्यावरच चालायचं. तीस वर्षांचं काम त्या फॉन्टात. पण कारण खरं असलं म्हणून माणूस शहाणा ठरत नाही. थोरल्यावरची फाइल माझ्यापर्यंत यायची तर आधी ती मधल्यावर जायची, तिथून धाकट्यावर, आणि मग पाहुणीवर. कारण थोरला आणि पाहुणी एकमेकांना ओळखतच नसत. मधल्याशीही पाहुणीने एका अपडेटनंतर बोलणं टाकलं होतं. तीन पावलांवर थोरल्यासमोर टायपिंग करत बसलेल्या कुंदाताईंकडून मला एक लग्नपत्रिका मिळायला कधीकधी पाऊण तास लागायचा.

"सर, मी मेल करून घेऊ का?" मी एकदा विचारलं.

"एकाच खोलीत बसलेल्या माणसाला पत्र पाठवायचं, आणि तेही अमेरिकेमार्गे?" त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "तुम्ही नवऱ्याला मीठ मागायचं तर पोस्टकार्ड टाकता का?"

कुंदाताई हसल्या. त्या हसायच्याच. बारा वर्षं तिथे होत्या आणि हसणं हा पगारातला एक भाग आहे असं त्यांनी मान्य केलेलं होतं.

पाहुणीच्या पडद्यावर 'परवानगी नाही' अशा अर्थाची इंग्रजी पाटी आली की सरांचा तोल जायचा. तो त्यांना वैयक्तिक अपमान वाटायचा. उभे राहून पडद्याला ओरडायचे, "मला परवानगी नाही? माझ्या घरात? मला?" मग प्रत्येक फोल्डरवर जाऊन 'सर्वांना सर्व अधिकार' देत सुटायचे. वाचायचा, लिहायचा, पुसायचा, सगळा. कड्या नसतात ना.

एकदा या कड्या नसण्याचा भलताच परिणाम झाला. खालच्या डॉक्टरांचं आणि आमचं इंटरनेट एकच होतं, भाडं वाटून. सरांनी आमचा प्रिंटर 'सर्वांना' देऊन टाकला, त्या सर्वांत डॉक्टरही आले. दोन दिवस आमच्याकडे लोकांच्या साखरेचे आणि रक्तदाबाचे कागद छापून निघत होते आणि आम्ही विचार करत होतो की हे कोणाचं पुस्तक आहे. आम्ही कागद खाली नेऊन दिले. डॉक्टर संतापले, आणि ते बरोबरच होतं. सर त्यांनाच म्हणाले, "तुम्ही तुमच्या मशीनला शिस्त लावा. मशीन चुकत नाही, हात चुकतो."

हे त्यांचं दुसरं आवडतं वाक्य. चुकणारा हात अर्थातच कधी त्यांचा नसायचा.

संध्याकाळी सहाला ते 'सारखं' करायचे. म्हणजे त्यांनी स्वतः लिहिलेला एक छोटा प्रोग्राम मधल्यावर चालवायचे. तो सगळ्या मशीनवरच्या फाइलींच्या तारखा बघायचा, आणि ज्या फाइलीची तारीख सगळ्यांत पुढची ती बाकीच्यांवर चढवायचा. जुनी जायची, नवी राहायची. "चला, सगळं सारखं करूया," असं म्हणून हात चोळत खुर्चीवर बसायचे. कोणाला काही विचारायचा प्रश्नच नाही, तो प्रोग्राम विचारायचाच नाही. त्यांना त्यातलं तेच सगळ्यात आवडायचं.

मी सुरुवातीला माझ्या कामाची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवायचे. एका शनिवारी निघताना सर दारात उभे राहिले. "पर्स दाखवा." मी दाखवली. कुंदाताई खाली बघत होत्या. पेनड्राइव्ह काढून त्यांनी तो माझ्याच हाताने पाहुणीला लावायला लावला, सगळ्या फाइली माझ्याच हाताने पुसायला लावल्या, आणि वर एका कागदावर लिहून घेतलं की ऑफिसातली एकही फाइल बाहेर जाणार नाही. मी ते लिहून दिलं. आज विचार केला की स्वतःचाच राग येतो. पण घराजवळची नोकरी मिळत नव्हती आणि सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन तोंडावर होतं. मी लिहून दिलं.

बाई आमच्याकडे आल्या त्या दिवाळीनंतर. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, खडवलीच्या पुढच्या एका आगरी गावच्या. पंचाहत्तरीच्या पुढे वय, नऊवारी, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत सात वह्या. त्यांची आई धवलारीण होती. आगरी लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत जी गाणी म्हणतात ते धवले, आणि ते म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. आई गेल्यावर बाईंनी आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्यांकडे बसून ती गाणी उतरून घेतली होती. वीस-बावीस वर्षं लागली होती त्यांना. आता त्यांची दृष्टी जात चालली होती आणि ती पूर्ण जायच्या आत पुस्तक व्हावं एवढंच त्यांना हवं होतं.

सातही वह्या सरांनी स्वतः टाइप केल्या, थोरल्यावर. ते झपाट्याने टाइप करायचे, हे मान्य करायला हवं. आणि टाइप करता करता त्यांनी सगळी गाणी शुद्ध करून टाकली.

"सर, वहीत 'डोल्यान पानी' आहे," मी म्हटलं. पहिली पानं माझ्याकडे आली होती. "तुम्ही 'डोळ्यांत पाणी' केलंय."

"मग? डोळ्यांत पाणी येतं की डोल्यान पानी?"

"त्यांच्या बोलीत तसंच म्हणतात."

"बोलायचं तसं बोलावं. छापायचं ते शुद्ध."

बाईंना हे मीच सांगितलं, त्या पुढच्या वेळी आल्या तेव्हा. त्या रागावल्या नाहीत. सरांसमोर बसल्या आणि शाळेत अधिकाऱ्यांशी बोलत असतील त्या स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "सर, आपण कष्ट घेतलेत, त्याबद्दल आभार. पण माझी आई जसं म्हणत होती तसंच मला छापायचं आहे. मी येऊन बसेन. ही मुलगी वाचेल, मी दुरुस्त्या सांगेन." सर समोरच्या मोकळ्या खुर्चीकडे बघत नुसते 'बरं' म्हणाले.

त्याच आठवड्यात थोरला बंद पडला. त्याचा वीजपुरवठ्याचा डबा जळला, आणि तसला डबा आता मिळत नव्हता. सर दर रविवारी उल्हासनगरच्या भंगारवाल्यांकडे जायचे आणि रिकाम्या हाताने परत यायचे. या काळात त्यांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. ऑफिसातले ते सगळ्यात सुखाचे दोन महिने.

बाई मंगळवारी आणि शुक्रवारी यायच्या. मी मधल्यावर बसायचे, त्या माझ्या शेजारी. मी ओळ वाचायची, त्या डोळे मिटून ऐकायच्या. मग म्हणून दाखवायच्या. नुसतं सांगायच्या नाहीत, म्हणायच्याच, हलक्या आवाजात. कारण म्हटल्याशिवाय त्यांना शब्द आठवायचा नाही. वह्यांत कित्येक ओळी घाईत अर्धवट उतरलेल्या होत्या, आणि या नव्या दुरुस्त्या कागदावर कुठेच नव्हत्या, त्यांना कागद दिसतच नव्हता. त्या म्हणतील ते मी थेट मशीनवर करायचे. माझ्याशी त्या त्यांच्या बोलीतच बोलायच्या. "मना आता अक्षर दिसत नाय गो. पन कानान सगला हाय."

एका शुक्रवारी त्या नेहमीपेक्षा उशिरा आल्या आणि पाणी पिऊन म्हणाल्या, "टिटवाल्याची म्हातारी गेली." गाणी सांगणाऱ्यांतली ती शेवटची होती. एका गाण्यातले चार शब्द बाईंनी तिला आदल्याच आठवड्यात फोनवर विचारून घेतले होते. ते आम्ही त्या दिवशी घातले. दोन महिन्यांत सगळं पुस्तक झालं. शेवटचं गाणं झाल्यावर बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

पाच मार्चला थोरला परत आला. सरांना डबा मिळाला होता. त्यांनी पेढे आणले, मशीनला हार घातला. हा थोरला रोज सकाळी आपली तारीख विसरायचा, ती त्याला हाताने सांगावी लागायची. त्याच्यावर महिना आधी आणि दिवस नंतर लिहायचा असतो. सरांना हे माहीत होतं, वर्षानुवर्षं ते करत होते. त्या दिवशी आनंदाच्या भरात उलटं लिहिलं. पाच मार्चचं तीन मे झालं. मग थोरला ठीक चालतो का बघायला त्यांनी त्याच्यावरची बाईंची फाइल उघडली, त्यांनी स्वतः शुद्ध केलेली ती जुनी फाइल, दोन पानं खाली-वर केली, आणि सवयीने सेव्ह केली.

मी पलीकडून पडद्याच्या कोपऱ्यात तारीख पाहिली.

"सर, तारीख..."

"आधी पेढा घ्या."

मी पेढा घेतला. फोन वाजला, छापखान्याचा होता, मी बोलत बसले. तारीख डोक्यातून गेली. सहा वाजता सर म्हणाले, "चला, सगळं सारखं करूया. आज सगळी भावंडं घरात आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहुणीवर फाइल उघडली तर पहिल्याच गाण्यात डोळ्यांत पाणी होतं. मधल्यावर धावले. तिथेही तेच. धाकट्यावर तेच. दोन महिन्यांचं काम तीन मशीनवर होतं आणि तीनही मशीनवरून एका मिनिटात गेलं होतं. प्रोग्रामला मे महिन्याची फाइल मार्चच्या फाइलीपेक्षा नवी वाटली. त्याने सांगितलं तेवढं केलं.

सर आले. मी सांगितलं. त्यांनी तिन्ही मशीन बघितल्या, थोरल्याची तारीख बघितली, आणि खुर्चीवर बसले. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी माणसासारखं बोलेल.

"थोरल्यावर काल कोणकोण बसलं होतं?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच, सर," कुंदाताई म्हणाल्या. बारा वर्षांत पहिल्यांदा.

सरांनी ते ऐकलंच नाही असं केलं. पान खाली-वर करत राहिले. थोड्या वेळाने त्यांचा चेहरा उजळला. "अहो, पण यात बिघडलं काय? हे काय वाईट आहे? उलट शुद्ध आहे. छापा काढा. उद्या त्या आल्या की सही घेऊन टाकू."

"सर, त्यांना दिसत नाही."

"म्हणूनच तर म्हणतो," सर म्हणाले. "उगाच त्रास कशाला द्यायचा म्हातारीला?"

हे ते दुष्टपणाने म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं. ते खरोखरच दयेने म्हणाले.

शुक्रवारी बाई आल्या. सरांनी त्यांना आपली खुर्ची दिली, चहा मागवला, छापलेल्या पानांचा गठ्ठा त्यांच्या मांडीवर ठेवला. बाईंनी तो दोन्ही हातांनी चाचपला, नाकाजवळ नेऊन वास घेतला. सरांनी त्यांच्या बोटांत पेन दिलं आणि जागा दाखवली. "इथे सही. झालं तुमचं पुस्तक."

बाईंनी पेन धरलं, आणि मग खाली ठेवलं. "अगो, एक वाचून दाखव. हलदीचं दाखव. सही मग करतंय."

सर माझ्याकडे बघत होते. त्यांना काय हवं होतं ते मला स्पष्ट कळत होतं. ते गाणं मला पाठ होतं, दोन महिने मी तेच ऐकत होते. कागदावर काहीही असलं तरी मी आठवणीतून म्हटलं असतं तर बाईंना कधीच कळलं नसतं. त्या सही करून सुखाने घरी गेल्या असत्या. क्षणभर मलाही वाटलं, तसंच करावं. त्यांच्यासाठीच.

मी कागद उचलला आणि कागदावर होतं ते वाचलं. "हळदीच्या वाटीत कोणी गं बोट घातलं, नवरीच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं."

बाईंनी मान थोडी तिरकी केली. "परत वाच."

मी परत वाचलं.

"आपून असा केला नव्हता," त्या हळूच म्हणाल्या. मग स्वतःशीच म्हणून बघितलं, "हलदीचे वाटीन कोनी गो बोट घातला, नवरीचे आयशीचे डोल्यान पानी आला." आणि सरांकडे वळून शुद्ध मराठीत विचारलं, "सर, माझ्या दुरुस्त्या कुठे आहेत?"

सर बोलू लागले. थोरला, तारखा, महिना आधी की दिवस आधी, मशीन आणि हात. बाईंना त्यातलं काही कळणं शक्य नव्हतं आणि सर तर शिकवायच्या आवाजात गेले होते. बाईंनी ते संपेपर्यंत ऐकलं. त्या शिक्षिका होत्या, कोणाला मध्ये तोडत नसत. शेवटी सर म्हणाले, "आणि बाई, खरं सांगू? हेच जास्त चांगलं वाटतं वाचायला. तुमच्या गाण्यांना मान मिळेल."

"मान," बाई म्हणाल्या. बस, एवढंच. गठ्ठा टेबलावर ठेवला, पिशवी उचलली, दाराची चौकट हाताने शोधू लागल्या. मी उठून त्यांचा हात धरला. खाली रिक्षापर्यंत आले, आणि रिक्षात त्यांच्याबरोबर बसले. परत वर गेले नाही. माझा डबा आणि छत्री तिथेच राहिली.

पुढचे सहा महिने मी दर रविवारी खडवलीला जायचे, माझ्या भावाचा जुना लॅपटॉप घेऊन. आता कोणताही जुना फॉन्ट नव्हता, आणि प्रत फोनवर, मेलवर, भावाकडे, तीन ठिकाणी ठेवत होते. बाई ओटीवर बसायच्या आणि पहिल्यापासून म्हणायच्या, मी ते टाइप करता करता लॅपटॉपवर रेकॉर्डही करायचे. काही शब्द परत आले, काही आले नाहीत. टिटवाळ्याच्या म्हातारीचे चार शब्द बाईंना आठवेनात. दोन रविवार त्या नुसत्या गुणगुणत बसल्या, मग म्हणाल्या, "सोर. तिथं रिकामी जागा ठेव." पुस्तकात तिथे टिंबं आहेत. ते पान उघडलं की मला अजूनही सरांचं हात चोळणं आठवतं, आणि मी त्यांना मनातल्या मनात जे म्हणते ते इथे लिहिता येणार नाही.

पुस्तक निघालं. गावातल्याच देवळात बाईंच्या नातवाने छोटा कार्यक्रम केला. कोणी दखल घेतली नाही. पंधरा-वीस प्रती शिक्षकांनी नेल्या, बाकी बाईंच्या घरी पलंगाखाली आहेत.

गेल्या वर्षी नौपाड्यात औषध घ्यायला गेलेले, तर सर समोरून आले. वाळले होते. ऑफिस बंद केलं होतं म्हणे, मशीन घरी नेल्या. मी नजर चुकवली, पण त्यांनी गाठलंच. "थांबा, थांबा. बरं झालं भेटलात. मी रोज पिशवीत घेऊन फिरतो."

पिशवीतून त्यांनी बाईंचं पुस्तक काढलं. विकत घेतलेलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत लाल शाईने तपासलेलं. प्रत्येक 'पानी'वर फुली, समासात 'पाणी'. प्रत्येक 'डोल्यान'वर फुली. एकही पान सुटलेलं नाही.

"दुसऱ्या आवृत्तीला उपयोगी पडेल," ते म्हणाले. "घ्या. मनापासून केलंय."

मी पुस्तक घेतलं, कारण न घेण्यासाठी बोलावं लागलं असतं. घरी येऊन कचऱ्यात टाकायच्या आधी एकदा चाळलं, नुसती चीड म्हणून. आणि पाठवणीच्या गाण्यापाशी थांबले. तिथे बोलीला हात न लावता त्यांनी दोन ओळींच्या मध्ये एक रेघ मारली होती, आणि बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'बाकी सर्व गाणी जोडओळींची. इथे एक ओळ गळली.'

मी लॅपटॉप उघडला, बाईंच्या आवाजाचं त्या दिवसाचं रेकॉर्डिंग लावलं. ओळ होती. बाई ती म्हणत होत्या, आणि मी टाइप केलीच नव्हती. चूक माझीच होती, आणि पुस्तक तयार करणाऱ्या, छापणाऱ्या, वाचणाऱ्या आम्हा सगळ्यांतून ती एकट्या त्या माणसाला दिसली होती.

मी बाईंना फोन केला. आता त्यांना अजिबात दिसत नाही. ओळ राहिली होती, पुढच्या वेळी घालू, असं सांगितलं. त्या खूश झाल्या. फोनवरच ती ओळ दोनदा म्हणून दाखवली.

"पन कोनी पकरली गो चूक?" त्यांनी विचारलं. "एवरा बारीक कोनी वाचला?"

"मीच," मी म्हटलं.